दुसरा घाव

देवास,
रविवार, ता. १८ फेब्रुवारी १९१२

प्रिय अक्का,

तुला आणि भावोजींना नमस्कार. बाबांच्या पायांवर डोके ठेवते. हे पत्र तू त्यांना वाचून दाखवशीलच, तेव्हा आधी त्यांचेच लिहिते. बाबा, पिशवी पोचली. तुमच्या दरबारी फरासखान्यातल्या तंबूचे उरलेले कापड आहे हे मी शिवणीवरूनच ओळखले. पुस्तके, डबा, छत्री, सगळे तीत मावते. मुली म्हणतात, आमच्या बाई तंबू घेऊनच फिरतात.

माझी प्रकृती ठीक आहे. जेवते. झोप जरा कमी झाली आहे, पण ऊन वाढू लागले की माझे असे होतेच. शाळेत एकतीस मुली होत्या, सध्या चौदा येतात.

त्याचे कारण तुमच्या कानावर आले असेल. धार काही फार लांब नाही. आमच्या जानकीबाई कोठडीत आहेत. घरोघर जाऊन मुलींना शाळेत घेऊन येतात त्या. त्यांच्या लसणाच्या चटणीबद्दल मी दर पत्रात लिहिते. त्यांच्या लेकीची मुलगी उमा आमच्याकडे तिसरीत आहे. पोरीचे आईबाप प्लेगात गेले. रघुजी हा तिचा चुलता, गवत कापून विकणारा. उमा अकरा वर्षांची, आणि त्याने तिचे लग्न पीपलरावां गावच्या एका चाळिशीच्या बिजवराशी ठरवले होते. ता. १० ला, शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर तो तिला न्यायला आला. जानकीबाई दार अडवून उभ्या राहिल्या. त्याने त्यांना खाली पाडले आणि गळा धरला. झटापटीत शाळेची घंटा वाजवायची लाकडी मोगरी त्याच्या डोक्यात बसली आणि तो गेला.

मी तेथे होते. मला काही लागलेले नाही. बाबांनी काळजी करू नये.

गोपाळराव वकिलांनी जानकीबाईंचे काम हाती घेतले आहे. ते म्हणतात, बाई सुटतील. सरकारी वकिलाचा एकच प्रश्न त्यांना खुपतो आहे: रस्त्यापलीकडे शिपाई उभा होता, मग त्याला न बोलावता हात का उचलला? आता बाबा हसतील. त्यांना देवास ठाऊक आहे. एका गावात दोन महाराज, एक थोरली पाती, एक धाकटी पाती, आणि हद्द बाजाराच्या रस्त्यातून जाते. शाळा रस्त्याच्या एका अंगाला, शिपाई दुसऱ्या. मी दारातून ओरडून हाक मारली होती. तो म्हणाला, “बाईसाब, वा पाँती म्हारी नी है. उधर पाँव रखा तो नौकरी जाएगी.” बिचारा रडकुंडीला आला होता, पण रस्ता ओलांडला नाही. गोपाळराव म्हणतात, “हा रस्ता परवानगीवाचून ओलांडते ती फक्त गाय. कोर्टाला हे मी नीट समजावून देईन.”

अक्का, एक विचारू? जीव वाचवण्यासाठी जीव घेतला, तर ते कुठवर माफ असते? कॉलेजात या विषयावर आमची चर्चा झाली होती. मी बोलले होते की, जोवर समोरच्याचा हात उगारलेला आहे तोवरच आपला हक्क. त्याचा हात खाली आला की तो संपला. टाळ्या पडल्या होत्या. मला स्वतःलाही ते फार पटले होते.

उमा माझ्याजवळ राहते. पाढे चुकते आहे, पण जेवते.

तुझी
सुमा


देवास,
सोमवार, ता. २६ फेब्रुवारी १९१२

अक्का,

हे पत्र आधी एकटीने वाच. बाबा विचारतील तर सांग, सुमा खुशाल आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत येते आहे.

चार पानी पत्राला तू दोन ओळींत उत्तर दिलेस: “सुमे, मोगरी काय आपली आपण उडाली? कोणाच्या हातात होती ते लिही.” लहानपणी मी दूध सांडून मांजराचे नाव सांगत असे, तेव्हाही तू माझ्याकडे अशीच बघायचीस.

माझ्या हातात होती.

सगळे सांगते. जानकीबाई खाली, तो त्यांच्या छातीवर बसलेला, दोन्ही हात गळ्यावर. त्यांच्या टाचा फरशीवर आपटत होत्या आणि मग आपटायच्या थांबल्या. शिपायाने नकार दिला होता. घंटेजवळ मोगरी टांगलेली असते ती मी काढली आणि मागून त्याच्या डोक्यात घातली. पागोट्यावर बसली. त्याला फारसे लागले नसावे, पण तो कुशीवर कोसळला. पागोटे घरंगळत भिंतीपाशी गेले आणि कमरेचा विळाही सुटून त्याच्याच शेजारी पडला. या घावाबद्दल माझ्या मनात काही नाही. अजूनही नाही.

मग तो गुडघ्यांवर उठला. माझ्याकडे पाहिले नाही. हात लांब करून भिंतीकडे झुकला, आणि मी दुसऱ्यांदा मारले. या वेळी डोके उघडे होते.

लोक जमले तेव्हा जानकीबाई उठून बसल्या होत्या. आवाज फुटत नव्हता, तरी माझ्या हातातली मोगरी त्यांनी ओढून घेतली आणि खुणेने सांगितले, मी मारले. मी तोंड उघडले, आणि अक्का, मी काही बोलले नाही. अजून बोललेले नाही. सोळा दिवस झाले.

कोठडीत त्यांना भाकरी घेऊन जाते. गळ्यावरचे वळ आता पिवळे पडले आहेत. मी म्हटले, “जानकीबाई, मी कोर्टात खरे सांगणार.”

“गप बसा हो बाई. कोणी इचारलं तुमाला?”

“पण तुमच्यावर...”

“माज्यावर काय? घरी बी जातं ओढायचं, अन् जेलात बी जातंच. तिथं निदान दळण दुसऱ्याचं.” मग भाकरी मोडत म्हणाल्या, “तुमी अडकलात तर उद्या कोण पोरगी शाळंत पाठवील? अन् माजी उमी कुटं जाईल, सांगा.”

खरे म्हणजे याला उत्तर नसल्याचे मला बरे वाटले.

एवढेच असते तर कदाचित मी गप्पच राहिले असते. पण गेल्या गुरुवारी रघुजीची बायको शाळेत आली. लहानखुरी, माझ्याच वयाची असेल. मधल्या सुट्टीत दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, उनका पागोटा यहीं रह गया है क्या? कल तेरवीं है. लड़के के सिर पर बाँधना है.”

पंचनाम्यात विळा लिहिला होता, तो पोलिसांनी नेला. पागोटे लिहिले नव्हते. त्याच दिवशी मी ते उचलून कपाटात नकाशांच्या मागे ठेवले होते. का, ते मला सांगता येत नाही. काढून दिले. ती तिथेच बसली आणि मांडीवर घेऊन त्याची धूळ झटकू लागली. तिच्या कपाळावर जुना व्रण आहे, तो कोणाचा हे विचारायला नको. मी पाणी दिले. ती स्वतःशीच बोलावी तसे म्हणाली, “उघड्या डोक्यानं ते कधी अंगणातसुद्धा गेले नाहीत. कितीही गुस्सा असो, आधी पागोटं, मग पायात जोडे. और देखो, गेले तसेच.”

ती गेल्यावर मी वर्गात भूगोल शिकवला. काय शिकवले ते आठवत नाही.

अक्का, विळा आणि पागोटे यांच्यात वीतभर अंतर होते. तो हात कुठे जात होता?

सुमा


देवास,
रविवार, ता. १० मार्च १९१२

माझ्या लाडक्या अक्का,

तुझे पत्र मी इतक्या वेळा वाचले की घडीवर फाटले आहे. मागचे माझे पत्र तू चुलीत घातलेस ते कळले. तू लिहितेस, “हात विळ्याकडेच गेला असं धर, सुमे, आणि मोकळी हो. तो मेला नसता तर जानकीबाई मेली असती, नाहीतर तू. देवालाही यात विचारण्यासारखं काही दिसणार नाही.” हे पत्र तू लिहायला किती वेळ बसली असशील ते मला दिसते. तू पोटाशी धरलेस. रागावली नाहीस. एवढ्यावर मी पुष्कळ दिवस काढू शकेन.

पण तसे धरता येत नाही, अक्का. प्रयत्न केला.

उद्या माझी साक्ष आहे. काल गोपाळरावांनी तयारी करून घेतली. शिपायाची अडचण सुटली आहे. पलीकडच्या पातीने लिहून दिले की त्याला इकडे पाऊल टाकायचा हुकूम नव्हता. मदत जवळ दिसत होती पण मिळणारी नव्हती, एवढे कोर्टाला पुरेल. “आता तुम्ही दोनच वाक्ये बोला,” ते म्हणाले. “जानकीबाईंनी मारले आणि तो विळ्याकडे वळला होता. दुपारी बाई घरी.” मी त्यांना सगळे सांगितले. ते बराच वेळ पानाचा डबा उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, “मुली, कायदा हे विचारत नाही की तो हात खरोखर कुठे चालला होता. कायदा विचारतो, त्या क्षणी तुला जिवाची भीती वाटली का, आणि तुझ्या जागी शहाण्या माणसाला ती वाटली असती का. तू खरे बोललीस तरी सुटशील असे मला वाटते. पण वाटते, एवढेच. हमी देत नाही.”

मी त्यावर विचार केला. कॉलेजातले माझे भाषण चुकीचे होते. हात उगारलेला आहे की खाली आला, हे बघायला सभागृहात वेळ असतो. दारात उभ्या असलेल्या बाईला नसतो. म्हणून कायदा भीतीला जागा देतो, आणि ती द्यायलाच हवी. नाहीतर दुबळ्याने आधी मरावे आणि मग सिद्ध करावे असे होईल. पण ती भीती माझी होती. जानकीबाईंचे डोळे तेव्हा मिटलेले होते. त्यांनी ना विळा पाहिला, ना हात. माझी भीती त्यांच्या तोंडून खोटी होते. आणि “विळ्याकडे” असे मी शपथेवर म्हटले, तर त्या बाईचा नवरा कायमचा खुनी ठरून मेला, आणि तिच्या मुलाच्या डोक्यावर बांधले ते पागोटे त्याचे.

अजून एक आहे. ते गोपाळरावांनाही सांगितलेले नाही.

त्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी रघुजी शाळेत येऊन गेला होता. नीट बोलायला आला होता. मी त्याला मुलींच्या देखत सुनावले, परीक्षा होईपर्यंत पोरगी मिळणार नाही, काय करायचे ते करा. तो म्हणाला, “तुम्हाला कोणी केली नाही, म्हणून पोरीचं मोडता व्हय?” मुली खाली बघून हसल्या. घरी येऊन मी चूल पेटवली नाही, इतके ते मला लागले होते. शनिवारी दुसऱ्यांदा मोगरी उचलली तेव्हा मला भीती होती, अक्का. फार होती. पण त्या हसण्याचा राग त्यात अजिबात नव्हता, असे मी शपथेवर सांगू शकत नाही.

आज सकाळी जानकीबाईंना हे सांगितले. आधी त्या रागावल्या. “शिकून येडी झालीस,” म्हणाल्या. पहिल्यांदाच मला ‘अगं-तुगं’ केले त्यांनी. मग विचारले, “अन् तुला आत टाकलं तर?”

“तर तुम्ही बाहेर असाल. उमा तुमच्याजवळ. शाळा चालली तर मुली आणायला तुम्हीच जाल.”

“अन् न्हाई चालली तर?”

“तर मला माहीत नाही.”

त्यांनी गजांतून हात घातला आणि माझ्या पदराचे टोक कितीतरी वेळ धरून ठेवले.

आता बाबांचे. मी पदवी घेतली तेव्हा त्यांनी सगळ्या फरासखान्याला पेढे वाटले, आणि ज्याला बी. ए. म्हणजे काय ते कळत नव्हते त्याला हात धरून समजावले. उद्यापासून तेच लोक त्यांना दुसरे काही विचारतील. त्यांना हे तूच सांग. तुझ्या आवाजात सांग. त्यांच्या सुईचे काम संपल्यावर, हात रिकामे असताना. ते रागावले तर रागावू देत. त्यांनी काही खाल्ले नाही, तर मात्र लिहून कळव.

न्यायाधीश विचारतील, अशी वेळ पुन्हा आली तर? गोपाळराव म्हणाले, हा प्रश्न येणारच. पहिला घाव मी पुन्हा घालीन, आणि क्षणाचाही विचार करणार नाही. दुसऱ्याबद्दल मी म्हणणार आहे: हात कुठे चालला होता ते मला माहीत नाही, मी घाबरले होते, थोडी रागातही होते, आणि मारले ते मी. माझ्याजवळ याहून खरे काही नाही.

डाक चारला निघते. साक्षीनंतर नाही, आत्ताच हे टाकून येते आहे, म्हणजे उद्या तिथे उभी राहिल्यावर मला मागे फिरता येणार नाही. हे तुझ्या हाती पडेल तेव्हा माझे बोलून झालेले असेल.

बाबांना आणि तुला सोडून जिला आणखी कोणाची भीती उरलेली नाही,
ती तुझी
सुमंगला