काळ्या पेटीची किल्ली

प्रिय करण,

बापाचं पत्र पाहून तुले नवल वाटंल. घरी फोन हाये, पन जे सांगाचं हाये ते फोनवर तोंडातून निघत नाई.

लढाई सुरू झाली अन् दुसऱ्याच दिवशी दारूची दुकानं बंद करा म्हनून सरकारचा हुकूम आला. मले बरंच वाटलं. पोरं सरहद्दीवर हायेत, इथं कोनी झिंगून पडू नये. पन लोकाईची तऱ्हा पाहून किळस आली. हायवेवरच्या दुकानानं शटरवर तिरंगा लावला अन् मागच्या खिडकीतून माल देनं चालू ठेवलं. तो संपला, मंग आपल्या घरी रीघ लागली. करण कसा हाये, फोन आला का, असं जो तो इचारे. तुझी माय चहा करून करून थकली, पन गावाले आपल्या पोराची एवढी काळजी म्हनून तिचे डोळे भरून येत. चहा झाला की एकेकाची नजर तुझ्या काळ्या पेटीवर जाय. आपल्या पोरीच्या, सुवर्णाच्या सोयरिकीसाठी तू मिलिटरी कॅन्टीनच्या दोन बाटल्या आनून त्या पेटीत कुलूप लावून ठेवल्या, हे साऱ्याईले ठाऊक. शेजारच्या भारतकाकानं तर सरळच मागितली. म्हने, पोरगा देशासाठी जीव द्याले बसला अन् तुले एक बाटली देववत नाई. म्या त्याले हाताले धरून बाहेर काढलं. थू असल्या मानसाईवर.

मी रोज सांजच्याले घेतो हे तुले मी काय सांगू. तिसऱ्या दिवशी मले घेतल्याबिगर राहवे ना. किल्ली साऱ्या घरात शोधली, पिठाचा डबाबी उपडा केला. त्याच दुपारी तुझा फोन आला, लढाई लागल्यापासून पहिलाच. माय देवापाशी बसली होती, फोन मी उचलला. तू म्हनला, बाबा, एकच मिनिट हाये. अन् म्या तुले इचारलं, पेटीची किल्ली कुठं हाये. तू म्हनला, मायच्या शिलाई मशीनच्या खनात. अन् फोन कटला.

म्या पेटी उघडली अन् प्यालो. मायनं सारं ऐकलं होतं. तवापासून ती माझ्याशी बोलत नाई, ताट वाढते अन् सरकवून देते. आता लढाई थांबली, दुकानं उघडली, भारतकाका लायनीत पयला होता. त्याले मी आता काय नावं ठेवू? तो निदान तू कसा हाये हे इचारून मंग मागत होता.

तुझा फोन आला की मी अंगनात निघून जातो. दारू सोडली असं लिहीत नाई, खोटं होईल. त्या एका मिनिटात जे इचाराचं होतं, तेवढंच इचाराले लिहून राह्यलो. बाळा, तू कसा हाये? तुले कुठं लागलं तर नाई ना?

तुझाच,
बाबा