न मागणाऱ्याला काय दाखवायचं

प्रिय धाकट्या,

तुझी बायको म्हणाली, तू फोन घेत नाहीस, खोलीतून बाहेरही येत नाहीस; पत्र असेल तर ताटाजवळ ठेवीन म्हणाली. आई बरी आहे. तुझं विचारते तेव्हा मी "कामात आहे" म्हणून वेळ मारून नेते.

परवा आमच्या सॉफ्टवेअर लायब्ररीच्या मंडळाची बैठक झाली. सी या संगणकाच्या भाषेतले प्रोग्रॅम ज्या तयार फंक्शनांवर चालतात ती आम्ही सांभाळतो, हे तुला काय सांगायचं! प्रोग्रॅममध्ये कुणी काहीच सेटिंग लिहिलं नसेल, तर त्याला कोणती फंक्शनं दिसावीत हे ठरवणं माझं काम. पूर्वी न मागताच सगळी दिसायची. मला तो गबाळेपणा वाटे. जास्तीचं हवं त्यानं एक ओळ लिहून मागावं, नाहीतर भाषेच्या अधिकृत नियमावलीत आहे तेवढंच दिसेल, असं मी दोन वर्षं भांडून मंजूर करून घेतलं. तू तेव्हा मला हेडमास्तरीण म्हणून चिडवलंस.

कारखान्यात तू सांभाळतोस त्या बॉयलरच्या प्रोग्रॅममध्ये ती ओळ नव्हती. बारा वर्षांपूर्वी लिहिलेला, असणार कशी? तापमानाचा आकडा वाचणारं फंक्शन जागच्या जागी होतं, फक्त ते कोणत्या प्रकारचं उत्तर देतं ही त्याची ओळख लपली. ओळख नसली की प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा तुमचा जुना कंपायलर उत्तर पूर्णांकच येणार असं धरून चालतो, आणि दशांशातला आकडा भलताच वाचला जातो. त्यानं इशारा दिला होता, चारशे इशाऱ्यांत एक. मग बॉयलर तापत गेला आणि पडद्यावर सगळं थंडच दिसत राहिलं. शेवटी तो फुटला. कारखान्यातले तुमचे फिटरकाका तेव्हा शिडीवर होते; ते वाचले नाहीत.

बैठकीत मी म्हटलं, जुनी सेटिंग परत आणा. एकही हात वर झाला नाही. नवे प्रोग्रॅम आता यावरच बेतलेत, फिरवलं तर ते मोडतील, म्हणाले. खरंच होतं त्यांचं. तिथून उठून चौकशी अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी आमच्या लायब्ररीच्या मॅन्युअलचं पान पुढे सरकवलं. "बाई, ती ओळ लिहावी लागेल असं इथं छापलंय ना? मग वाचणं त्यांचं काम." ते पान मीच लिहिलेलं. निकाल तुझ्याविरुद्धच जाणार.

हे तुला कुणीही सांगितलं असतं. मला लिहायचंय ते वेगळंच. आमच्या लायब्ररीची नवी आवृत्ती चढवण्याआधी तू फोन करून विचारलं होतंस, "ताई, काही मोडणार नाही ना?" मी जेवत होते. "बिनधास्त चढव," म्हणाले. चौकशीत तू हे कुणाला सांगितलं नाहीस. मीही परवापर्यंत तोंड शिवून बसले. परवा सांगितलं, तर अधिकाऱ्यांनी नोंदसुद्धा केली नाही. बहीण आहे, भावाला वाचवायला बोलणारच, असं ते समजले. मग मी फिटरकाकांच्या मुलीकडे गेले. तिनं सगळं ऐकलं, "मला यातलं काही कळत नाही," म्हणाली आणि दार लावून घेतलं. आता ऐकायला तू एकटाच उरलास. माफ कर असं लिहीत नाही, कारण तू करशील.

तुझीच,
ताई