माझी झोप नानायला

सोमवार, ४ ऑगस्ट
वर्गात झोपले! तीही उभ्या उभ्या! समोर तिसरीची पोरं, फळ्यावर अर्धा पाढा, हातात खडू — आणि डोळा लागला. जाग आली ती मोठ्या बाईंच्या आवाजाने. "जोव्हेलिन, बाळंतपणाची रजा आत्ताच सुरू झाली का?" पोरं फिदीफिदी हसली. मग खोलीत बोलावून म्हणाल्या, "बावीसला तपासणी आहे. साहेबांपुढे अशी पेंगलीस, तर हिला कायम करा म्हणून मी कुठल्या तोंडाने सांगू?"
पाचवा महिना. झोप नुसती अंगावर कोसळते. आणि नोकरी गेली तर? तीन वर्षं वाट पाहिलीय मी.

बुधवार, ६ ऑगस्ट
आरोग्य केंद्रात नर्स ल्युडीबाईंनी रक्त तपासलं. कमी भरलं. गोळ्या दिल्या, वर दम — "तीन वेळा भात हाणून भागायचं नाही. मधेमधे थोडं थोडं खात जा." अंडं, उकडलेली केळी, रताळं, शेंगदाणे, शेवग्याचा पाला घातलेले मूग. म्हटलं, बाई, मग शिकवू कधी?

शुक्रवार, ८ ऑगस्ट
नानायने — माझ्या आईने — एवढा डबा भरला की अर्धा घरी परत आणला. अर्धवट खाल्लेलं केळं टाकणार, तर ओरडली, "दे इकडे! गरोदर बाईचं उष्टं खाल्लं की तिची झोप खाणाऱ्याला लागते. लागू दे मला. मला कुठे वर्ग घ्यायचाय?"
तातय — माझा बाप — मात्र माझ्या बशीतला शेंगदाणासुद्धा उचलत नाही. म्हणतो, "होडीत डोळा लागला तर थेट चीनला पोचेन!" बाप आहे की कोण!

मंगळवार, १२ ऑगस्ट
लागू पडलं!! नानाय भाजी निवडता निवडता बसल्या जागी घोरली. मी दिवसभर टक्क जागी. मोठ्या बाई दोनदा डोकावून गेल्या, हिरमुसल्या.

शुक्रवार, १५ ऑगस्ट
नारळाच्या दुधातली मुगाची खीर मुद्दाम अर्धी ठेवली. लाज वाटली. थोडीशी.

सोमवार, १८ ऑगस्ट
नानाय सकाळी ओकली. वर खुशीत म्हणते, "बघ, तुझ्या ओकाऱ्यासुद्धा घेतल्या!" अगं, माझ्या तर केव्हाच थांबल्या. म्हटलं, आता उष्टं बंद. ऐकते थोडीच! "बावीसपर्यंत मी खंबीर आहे."

शुक्रवार, २२ ऑगस्ट
पार पडलं! साहेब मागच्या बाकावर बसले. मी पाढे घेतले, गाणं घेतलं, डोळा मिटला नाही. मधल्या सुट्टीत त्यांना डब्यातलं रताळं दिलं. तासाभराने साहेबच पेंगायला लागले! मोठ्या बाईंनी मला कोपऱ्यात ओढलं — "काय खायला घातलंस त्यांना?" आईशप्पथ, अख्खं होतं, दात लावला नव्हता!
साहेब जाताना म्हणाले, "उत्साही शिक्षिका." कायम होणार मी!
घरी येऊन ओरडून सांगितलं. नानाय उठायला गेली आणि घेरी येऊन परत खाली बसली.

सोमवार, २५ ऑगस्ट
तिला ल्युडीबाईंकडे नेलं. सगळं कबूल केलं — माझी झोप घेऊन घेऊन हिची ही दशा झाली, काही उतारा असला तर सांगा. त्यांनी नानायला आत नेलं. बाहेर आल्या त्या डोळे पुसत, हसून हसून.
नानायला तिसरा महिना आहे! त्रेचाळिसाव्या वर्षी! पाळी बंद झाली, तर तिला म्हणे वाटलं, वय झालं. तातय होडीत जाऊन बसलाय, घरी यायला तयार नाही. माझं बाळ आपल्या मामापेक्षा नाहीतर मावशीपेक्षा मोठं असणार.
आणि मी तिला उष्टं खाऊ घातलं. एवढे दिवस.
अंडं सोललं आणि अख्खं तिच्या हातावर ठेवलं. "तुझं आहे गं ते," म्हणाली. मग दोन घासांत संपवलं. किती भूक लागली होती तिला!