यंदाचा सीझन माझाच

सोमवार, ६ जानेवारी. सकाळी सव्वासहा.
आजपासून रोजनिशी. मोठे ड्रायव्हर लिहितात म्हणे. कुणाला दाखवायची नाही.
ट्रक रेसिंगचा नवा सीझन एप्रिलच्या पहिल्या रविवारी सुरू. म्हणजे भरपूर वेळ आहे. संकल्प: वजन उतरवणे, पहाटे पळणे, न चिडणे, चॅम्पियन होणे. शेवटचा सोडला तर बाकीचे अवघड आहेत.
ही बहिणीकडे गेली आहे. मेहुणीचा गुडघा दुखतो. जाताना मोठी बॅग नेली, पण थंडीचे कपडे जागा खातातच. आठवड्याभरात येईल.
पळायला गेलो नाही. पहिल्याच दिवशी शरीराला धक्का देऊ नये.

गुरुवार, ९ जानेवारी
वर्कशॉपला गेलो. ट्रक झकास दिसतोय. मागच्या सीझनच्या शेवटच्या रेसमध्ये भिंतीला किरकोळ स्पर्श झाला होता, त्यामुळे केबिन नवी बसवली आहे. फोरमन म्हणाला, ‘दादा, किरकोळ म्हणू नका. जुनी केबिन मागे पडलीय, एकदा बघून या.’ वेळ नव्हता.
नंतर विचारलं, वहिनी कधी येणार. त्याचंही बरोबर आहे. हिच्याशिवाय रेस होत नाही. एवढ्या मोठ्या ट्रकमधून मागचं-बाजूचं धड दिसत नाही, म्हणून ही स्टँडच्या छतावर हेडफोन लावून उभी असते आणि माझ्या कानात सांगत राहते. ‘डावीकडे आहे. अजून आहे. गेला, घे आत.’ लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. घरी मला अहो-जाहो करते, रेडिओवर अरे-तुरे. त्या वेगात आदर द्यायला वेळ नसतो.
म्हटलं, गुडघा बरा झाला की येईल.

शनिवार, १८ जानेवारी
सीटमध्ये बसून पाहिलं. पट्टा लागेना. नव्या केबिनमध्ये सीट आखडते बहुतेक. फोरमन म्हणाला, सीट जुनीच आहे.
सकाळी सवयीने दोन कप चहा होतो. ओतून कशाला द्यायचा? दोन्ही मीच पितो. वजनाचं कारण सापडलं. सोमवारपासून एक कप.

मंगळवार, २८ जानेवारी
बाजारात लांबून मेहुणी दिसली. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पुलाचा जिना टणाटण चढत होती. म्हणजे गुडघा बरा झाला.
ही अजून आलेली नाही. म्हणजे आता दुसरा गुडघा.

बुधवार, ५ फेब्रुवारी
लेकीचा फोन. ती दुसऱ्या गावी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, त्यामुळे सगळ्यांकडे पेशंट म्हणून बघते. म्हणाली, ‘बाबा, मावशीच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. आईला झोप लागत नाही. तुम्ही भिंतीवर गेलात तेव्हा रेडिओ चालूच होता. ती तुम्हाला हाका मारत होती आणि तुम्ही उत्तर देत नव्हतात.’
मी म्हणालो, बेशुद्ध माणूस उत्तर कसं देणार?
ती म्हणाली, ‘तेच.’
आजकालच्या मुलांना अर्धंच बोलायची सवय.
खूप विचार केला. मुद्दा रेडिओचा आहे. आपला सेट जुनाट, खरखर फार. नवा घ्यायचा. हिला एकदम खणखणीत ऐकू आलं पाहिजे.

रविवार, १६ फेब्रुवारी
नवा हेडफोन घेऊन मेहुणीकडे गेलो. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. पोट आत ओढून जिना चढलो, दार उघडेपर्यंत धरून ठेवलं.
हिने चहा दिला. बारीक झालीय. खिडकीपाशी हिची गादी घातलेली, उशाशी आपल्या घरचं घड्याळ. तेच मी महिनाभर शोधतोय.
हेडफोनचा डबा उघडून दाखवला. कानाला किती मऊ लागतो ते सांगितलं. हिने झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. म्हणाली, ‘अहो, मी आता त्यात बोलणार नाही. मी बोलत राहायचं आणि एक दिवस पलीकडे कुणीच नसायचं, हे माझ्याच्याने होत नाही. तुम्ही गाडी सोडा. ज्या दिवशी सोडाल, त्या दिवशी मी घरी येते.’
मी म्हणालो, एवढा एक सीझन.
ती म्हणाली, ‘हे तुम्ही आपली लेक शाळेत होती तेव्हापासून म्हणताय.’
एकूण भेट चांगली झाली. बोलणी सुरू झाली, हे महत्त्वाचं. हेडफोनचा रंग आवडला नसावा.

गुरुवार, ६ मार्च
मेडिकल. डोळे उत्तम. कान उत्तम. डाव्या हाताची पकड थोडी कमी, पण हात भिंतीतून आलाय म्हटल्यावर एवढं चालतं. मग ती केबिनची परीक्षा. पट्टे सोडून ठरलेल्या वेळात ट्रकमधून खाली उतरायचं, आग लागली असं समजून. पायरीवर पाय अडकला. डॉक्टर घड्याळाकडे बघत राहिले, मग घड्याळ खिशात घातलं.
मी त्यांना सांगितलं, ड्रायव्हरचं काम आत बसायचं असतं, बाहेर पडायचं नव्हे. ते हसले नाहीत. फोरमनने हात देऊन उतरवलं.
पुन्हा परीक्षा घेतील.

गुरुवार, २० मार्च
पुन्हा परीक्षा घेणार नाहीत.
टीमच्या मालकांनी ऑफिसात बोलावलं. खुर्ची स्वतः ओढून दिली, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळायला हवं होतं. यंदा ट्रक त्यांची भाची चालवणार. पोरगी वाईट नाही. वळणावर घाई करते, पण हात हलका आहे. मी टीमचा सल्लागार. शिवाय रेसच्या दिवशी पाण्याचा टँकर माझ्याकडे. ट्रकच्या ब्रेकवर सतत पाणी मारावं लागतं, नाहीतर ते लालबुंद होतात, म्हणून हे अत्यंत जबाबदारीचं काम आहे, असं मालक म्हणाले. दोनदा म्हणाले.
तात्पुरती सोय आहे. दोन रेसमध्ये भाची कंटाळेल.
बाहेर आलो तर फोरमन हात पुसत उभा. म्हणाला, ‘दादा, वहिनींना आजच कळवा. त्या एवढ्याचीच वाट बघतायत.’
कळवेन. पण असं नाही. गाडी मी सोडली पाहिजे, गाडीने मला सोडलं असं नको. आधी ट्रक परत मिळवतो, एखादी रेस मारतो आणि मग तिच्यासमोर किल्ली टाकतो. तिलाही अभिमान वाटायला हवा. हिला हरलेला नवरा कशाला दाखवायचा?

रविवार, ६ एप्रिल. संध्याकाळी.
पहिली रेस. ऊन कडक, गर्दी चिक्कार. टँकर वेळेवर भरला, वेळेवर रिकामा केला. एक थेंब सांडला नाही. भाची तिसरी आली. तिच्या कानात फोरमन बोलत होता. छताकडे एकदाही पाहिलं नाही. एकदाच पाहिलं.
टँकर धूत होतो तेव्हा हिचा फोन आला. हिने आपणहून केलेला. विचारलं, ‘आज गाडीत कोण होतं?’
आवाज किती दिवसांनी मोकळा लागला होता. मागून मेहुणी काहीतरी विचारत होती आणि ही तिला गप्प करत होती. पुन्हा म्हणाली, ‘खरं सांगा हं. मी काही म्हणणार नाही.’
मी पाइप बंद केला. म्हणालो, कोण म्हणजे? मीच. तिसरा आलो.
पलीकडे काहीच नाही. फोन कट झाला असं वाटलं. मग म्हणाली, ‘बरं. लागलं वगैरे नाही ना कुठे?’
नाही म्हणालो. वळणावर भाचीने काय केलं होतं ते सगळं मी केलं म्हणून सांगितलं. छान रंगवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ‘जेवून घ्या,’ म्हणाली आणि ठेवला.
पटलं तिला. तिसरा नंबर म्हणजे काय चेष्टा आहे?

सोमवार, ७ एप्रिल
सकाळी लेकीचा फोन. बराच वेळ नुसती नाक ओढत होती. मग म्हणाली, फोरमनकाकांनी आईला शनिवारीच सगळं सांगितलं होतं. मेडिकल, टँकर, सगळं. आई काल सकाळपासून बॅग भरून बसली होती. तिला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.
मी म्हणालो, मग तू सांग तिला, की मी टँकरवर होतो. खरंच टँकरवर होतो.
लेक म्हणाली, ‘बाबा, ते तिला माहीत होतं.’
शर्ट तसाच चढवला आणि निघालो. रिक्षात बसून वाक्य जुळवत गेलो. मी गाडी सोडली. गाडी सुटली. मला काढलं. यातलं कुठलं आधी म्हणायचं ते जिन्यापर्यंत ठरेना.
मेहुणीने दार उघडलं. खिडकीपाशी गादी नव्हती, चौकोनी स्वच्छ फरशी होती. ही तासाभरापूर्वी लेकीकडे गेली. तिथेच राहणार आहे. लेकीने खोली रिकामी केलीय. पत्ता तुम्हाला माहीतच आहे, पण इतक्यात येऊ नका असं सांगून गेलीय.
मेहुणीने पाणी आणून दिलं. मी हातात धरून बसलो. तिला माझी कीव आली असणार. म्हणाली, ‘भाऊजी, डोळ्यांत काही गेलं का? रस्त्यावर धूळ फार आहे आज.’
नाही म्हणालो. काही गेलं नाही.