मामंजींचे तळपाय

महाबळेश्वर भावोजींना,

मामंजींचा पाय कापल्यापासून तुमी गोव्यातून फोनवर एकच धोशा लावलाय, डॉक्टरांवर तक्रार लिव. बरं, लिवते. पर हे पत्र तुमाला धाडायची न्हाई, म्हणून खरं लिवते.

साखरेच्या पेशंटांसाठी आमची टीमच हाय. डॉक्टर गोळ्या देतात, नर्सबाई रक्त तपासतात. घरोघर जाऊन तळपाय बघायचं काम आशा सेविका म्हणून माझं. साऱ्या नंदिगड्डा गावाचे पाय मी मांडीवर घेऊन बघितले, आपल्या घरातले सोडून. मामंजी म्हणाले, "सुनंच्या मांडीवर पाय ठेवू व्हय?" मलाबी ते सोयीचंच वाटलं. दर महिन्याला कार्डावर 'पाय ठीक' लिवत गेले आणि डॉक्टरांनी त्यावर भरवसा ठेवला. काटा रुतून पाय सडला, तरी बधिर पायाला काय कळणार?

चतुर्थीला तुमीबी त्याच पायांवर डोकं ठेवलंत. वरनंच. चार दिवस ऱ्हायलात, वास आला न्हाई?

परवा पाडव्याला मी वाकले, तर मामंजींनी उरलेला पाय आपणहून माझ्या मांडीवर ठेवला.

"बघ आता," म्हणाले.

तुमची वैनी,
रेश्मा