‘एकल’ या शब्दाबद्दल

२ डिसेंबर

पाटी लागली! ‘एकल सेवा केंद्र’. निळ्यावर पांढरी अक्षरे, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. वृद्ध, अपंग, निराधार — कोणालाही आता निरनिराळ्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहीत. एकच दार, एकच दूरध्वनी. म्हणून ‘एकल’.

केंद्राचे काम पाहणारी सारिका कुरकुरली — “सर, एकल म्हटलं की लोकांना एकट्या बायका वाटतात. विधवा, टाकलेल्या.” मी शब्दकोश उघडून दाखविला. आयुष्यभर महाविद्यालयात मराठी शिकविले. लोकांना वाटते म्हणून अर्थ बदलत नसतो, असे सांगितले. “बरं सर,” म्हणाली. त्या ‘बरं’मध्ये बरे काही नव्हते.

घरी आल्यावर पाटी कशी दिसते हे कोणाला सांगावे, असा प्रश्न पडला. श्रावणात आमची ही गेल्यापासून असे प्रश्न पडतात. म्हणून येथे लिहितो.

५ डिसेंबर

असोद्याहून झुंबरबाई रिक्षाने आल्या. मूळच्या धुळ्याकडच्या; बोलणे अजून पक्के अहिराणी. पती मोतीलाल पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले, मुलगा सुरतेला. पडून पडून पाठीला जखमा झाल्या आहेत. बाईंच्याने त्यांची कूस बदलवत नाही. रोज घरी परिचारिका हवी. केंद्र अशांसाठीच काढले!

पायरीपाशी रिक्षावाल्याने पाटी वाचून दाखविली. बाई जागच्या जागी थांबल्या.

“मी एकली नही शे! मना मालक जित्ता शे. हाई पाटीखाल पाय नही ठेवस मी.”

मी दारात उभे राहून त्यांना शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग पदर सावरला आणि परत फिरल्या. सारिका त्यांना रिक्षापर्यंत सोडून आली.

६ डिसेंबर

चहा पुन्हा दोघांचा झाला.

९ डिसेंबर

दूरध्वनी वाजला. सारिका — “नमस्कार, एकल सेवा केंद्र—” पलीकडून खट्! पुन्हा वाजला, पुन्हा तेच.

“झुंबर अक्का आहेत सर. नाव ऐकलं की ठेवून देतात.”

तिने उलट फोन केला. परिचारिका घरीच पाठवितो, आपण येऊ नका, असे सांगितले. उत्तर मलाही ऐकू आले — “एकलास्ना दफ्तरनी बाई मना घर नको!”

एकट्यांच्या कचेरीची बाई घरात आल्याने काय होणार? निव्वळ अंधश्रद्धा, असे मी म्हणालो.

“असेल सर. जखमा तर खऱ्या आहेत ना?”

११ डिसेंबर

परिचारिकेला घेऊन स्वतः असोद्यास गेलो. झुंबरबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या. पाटी उतरवितो, असा शब्द दिला तेव्हा बाजूला झाल्या.

जखमा पाहवत नव्हत्या. अजून आठवडाभर गेला असता तर इस्पितळातच न्यावे लागले असते, असे परिचारिका म्हणाली. माझ्याकडे न पाहता म्हणाली.

मोतीलालांची जीभ जड झाली आहे, खोड गेलेली नाही. “बठ्ठास्ले सांगत फिरस, मना मालक जित्ता शे. एकदाव माले तर इचार!” बठ्ठा म्हणजे सगळे.

“तुम्ही गप पडा!” — आणि त्यांच्या तोंडाची लाळ बाईंनी पदराने पुसली. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

निघताना बाईंनी विचारले, “नाना, तुमना घर कोन कोन शे?”

“आम्ही दोघे.”

“वैनी बरी शे ना?”

“हो. गुडघा तेवढा दुखतो.”

हे मी म्हणालो! मी! एवढे केंद्र त्या शब्दाने रंगविले आणि विचारल्यावर स्वतःच्या तोंडून तो शब्द निघेना.

१३ डिसेंबर

पाटी उतरली. नवी — ‘मदतीचे दार’. शब्द सारिकाचे. व्याकरणदृष्ट्या आक्षेप नाही.

झुंबरबाई आत आल्या, खुर्चीवर बसल्या, पाणी प्याल्या, सही केली. आता परिचारिका रोज जाईल. जाताना माझ्या टेबलावर डबा ठेवला. कळण्याच्या भाकरी, भरीत. “एक तुमले, एक वैनीले.”

दोन्ही मीच खाल्ल्या.

१९ डिसेंबर

मोतीलालांच्या जखमा सुकू लागल्या आहेत. बाई सांगावयास आल्या, पुन्हा डबा घेऊन.

“वैनीना गुडघा कसा शे?”

“आता दुखत नाही.”

एवढे तरी खरे बोललो. हे थांबविले पाहिजे. परंतु त्या विचारतात तेवढा वेळ ती घरी असते — आत, गॅसपाशी, उभ्याने एक पाय दुमडून. घरी पोचेपर्यंत असते. कुलूप उघडले की नसते.

तरीही पुढच्या खेपेस सांगणार. त्या भल्या बाईची फसवणूक शोभत नाही.

२४ डिसेंबर

कसे सांगावे, हे सकाळी सारिकाला विचारले. ती पाहतच राहिली. “सर, अक्कांना माहीत आहे. पाटीवरून चिडल्या होत्या ना, तेव्हा रिक्षापाशी मीच म्हटलं — सरांच्या मॅडम श्रावणात गेल्या, सांभाळून घ्या.”

दुपारी झुंबरबाई आल्या. डबा ठेवला. दोन भाकरी.

“थंडी वाढनी शे नाना. वैनीले सांगा, गुडघाले तेल लावत जा.”

“सांगतो,” मी म्हणालो.