दम लागतो का? नाही

प्रिय चिमणे,

डोकं ठिकाणावर आहे का त्या दवाखान्यातल्या लोकांचं? तुझे बाबा बरे झालेत म्हणे! छत्तीस प्रश्नांचा एक कागद आहे, त्यावरून दमेकऱ्याचं जगणं मोजतात. आकडा जितका कमी तितकं जगणं चांगलं. मागच्या वर्षी बासष्ट आला होता, यंदा एकतीस. सिस्टर अभिनंदन करतेय आणि हे नवरदेवासारखे हसतायत. पंधरवड्याला ती घरी तपासायला यायची, तेही बंद. गरज नाही म्हणे.

यांनी कागद भरला तेव्हा मी औषधांच्या रांगेत होते, नाहीतर तिथेच तोंड सोडलं असतं. घरी येऊन कागद वाचला. चौथी शिकलेली मी, अर्धा दिवस गेला त्यात. जिना चढताना दम लागतो का? नाही. अगं, लागेल कसा? वर्ष होत आलं जिन्याला पाय लावून, म्हणून तर ही तळमजल्याची खोली घेतली. आंघोळ करताना? नाही. आंघोळ मी घालते, हे स्टुलावर बसतात. कपडे घालताना? बाह्या मी चढवते. कामावर त्रास? काम कुठंय! एकवीस वर्षं यांनी कारखान्यात फरशा घासल्या, ती सगळी दगडाची भुकटी छातीत जाऊन बसली. जे जे सोडलं त्याचा त्रास नाही, आणि त्रास नाही म्हणजे माणूस सुखात. असं असेल तर मेलेलाच पहिला नंबर काढेल.

खोटं का लिहिलंत म्हणून झापलं, तर म्हणाले, यात खोटं काय आहे?

परवा सिस्टरशी भांडून कोरा कागद आणला. डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं, बाई, काहीही लिहा, फुप्फुसं परत यायची नाहीत, एवढा हिवाळा निघाला तरी पुष्कळ. तरी भरतेय. खरं कुठेतरी लिहिलेलं असू दे.

पस्तीस उत्तरं झाली. एक राहिलं: दम्यामुळे कोणती गोष्ट करायची राहून जाते? यांनी लिहिलं होतं, काही नाही. तेवढं मात्र साफ खोटं. लग्नावरून भांडून गेलीस, दीड वर्ष त्यांचा फोन नाही, म्हणजे अजून राग धरून बसलेत असं तुला वाटतं. रोज संध्याकाळी फोन हातात घेतात, तुझा नंबर काढतात आणि ठेवून देतात. चार शब्दांत श्वास तुटतो, पोरीला कळेल म्हणतात. तुला सांगायचं नाही असं बजावलंय, आणि एका खोलीत फोनवर कुठे बोलू, म्हणून हे पत्र. कागद पुढच्या शुक्रवारी द्यायचाय. तू येतेयस, की त्या राहिलेल्या उत्तराच्या रेघेवर तुझं नाव लिहू? गुरुवारपर्यंत कळव.

तुझीच,
आई